व्याह्याच्या दारात रिकाम्या हातानं

सासऱ्यांना घराबाहेर कसं काढायचं, हा विषय उत्कर्षानं एका रविवारी सकाळी चहाच्या वेळी काढला, आणि तोही सासऱ्यांच्या समोर.

"आमच्या कंपनीत मधूनमधून आगीच्या सरावाचा भोंगा वाजतो," ती म्हणाली. "हातातलं काम टाकून सगळे मैदानात. साहेबसुद्धा. नदी काही भोंगा वाजवून येत नाही. म्हणून आपणच सराव करायचा."

संभाजीरावांनी, म्हणजे आबांनी, बशीतला चहा फुंकला. "घरातनं भाईर पडायचा सराव? जन्मल्यापासनं रोज पडतुय की मी."

सौरभ हसला. कौसल्याबाई हसल्या नाहीत. त्यांना मागचा ऑगस्ट आठवला होता.

सांगवीतली त्यांची वस्ती नीरा नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. या नदीची एक खोड आहे. पाऊस पडतो लांब घाटमाथ्यावर, धरण भरतं तिकडं, आणि पूर येतो इथं, लख्ख उन्हात. मागच्या ऑगस्टमध्ये तसाच आला. मोनानं, म्हणजे आबांच्या लेकीनं, इंदापूरहून फोन करून सांगितलं होतं, की शाळेत-बिळेत जाऊ नका, सगळे सरळ माझ्याकडं या. सौरभनं गायी हलवल्या, आईला आणि बायकोला पिकअपमध्ये बसवून मारुतीच्या देवळापर्यंत आणलं. आबा मात्र "तुमी व्हा फुडं, उंबऱ्याला पाणी लागलं की निघतो" म्हणून मागं राहिले. पाणी उंबऱ्याला लागलं तोवर मधला ओढा रस्त्यावर आला होता. सौरभ शेजाऱ्याचा ट्रॅक्टर घेऊन परत गेला. तो आबांना घेऊन दिसेपर्यंत उत्कर्षा देवळाच्या कट्ट्यावर उभी होती.

मग रस्ताच बंद झाला म्हणून सगळ्यांनी शाळेत मुक्काम केला. आबांनी ती गोष्ट शाळेत सांगितली, पारावर सांगितली, दूध संस्थेत सांगितली. प्रत्येक वेळी पाणी थोडं वाढत गेलं. आबा ती सांगायला लागले की उत्कर्षा उठून आत जायची. पुन्हा सौरभला त्या पाण्यात जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. आणि त्याचा एकच मार्ग होता. आबा सगळ्यांच्या बरोबर निघाले पाहिजेत.

सरावाचे नियम सोपे होते. उत्कर्षा स्टीलचं ताट पळीनं वाजवणार. सौरभनं गायी सोडून वरच्या मळ्यात तात्यांच्या गोठ्याकडं न्यायच्या. कौसल्याबाईंनी देव, कागदपत्रं आणि गोळ्यांचा डबा घ्यायचा. उत्कर्षानं गॅस आणि वीज बंद करायची. आबांनी फक्त आबांना घेऊन पिकअपमध्ये बसायचं.

तिनं ताट वाजवलं. कुत्रं आधी पळालं. गायी शहाण्यासारख्या निघाल्या. कौसल्याबाई देव ओच्यात घेऊन पिकअपमध्ये जाऊन बसल्या, आणि "बंद कर ते ताट, शेजारी इचारतील कोण जन्मलं म्हणून," असं खिडकीतून म्हणाल्या. आबांचा पत्ता नव्हता.

ते आतल्या खोलीत आरशासमोर सापडले. अंगात पांढरा शर्ट, धोतर बदललेलं, डोक्यावर अर्धा फेटा आणि उरलेला अर्धा दातात धरलेला.

"आबा, पूर आलाय."

आबांनी दातातला फेटा काढला. "आलाय न्हवं? मग कुठं चाललोय आपण?"

"इंदापूरला. मोनाताईंकडं."

"व्याह्याच्या दारात चाललोय. असाच जाऊ, बंडीवर?" त्यांनी उरलेला फेटा गुंडाळायला सुरुवात केली. "आन् बारामतीत गाडी थांबवायला सांग सौरभला. इहिणीला लुगडं घ्याया पायजे. इंद्रजितरावांना टावेल-टोपी."

"पुरात दुकानं बंद असतात."

"मग उघडल्यावर जाऊ."

उत्कर्षा दारातच उभी राहिली. वर्षभर तिला वाटत होतं, की आबांना घराचा मोह आहे, नाहीतर नदीला भीत नाही हे दाखवायची हौस. तिनं विचारलं, "गेल्या वर्षीपण हेच का?"

आबांनी फेट्याचा शेमला नीट केला आणि गोठ्यात काहीतरी काम असल्याचं सांगून ते निघून गेले. इंदापूरचं नाव निघालं की त्यांना गोठ्यातलं काम आठवायचंच.

अडचण कळल्यावर उपाय सोपा होता. पुढच्याच आठवड्यात उत्कर्षा कंपनीतून परतताना बारामतीत उतरली. विहीणबाईंना एक साडी घेतली, व्याह्यांना टॉवेल-टोपी, आणि पेढे टिकणार नाहीत म्हणून गुळाची एक ढेप. सगळं एका पिशवीत घालून दाराच्या मागं खुंटीला अडकवलं आणि घरातल्यांना दाखवून सांगितलं, "ही पिशवी पुराची. हिला हात लावायचा नाही."

"न्हाय लावत," आबा म्हणाले. पिशवी त्यांनी हातात तोलून बघितली. समाधान झाल्यासारखे दिसले.

मग जुलै सरला. दर रविवारी उत्कर्षा विजेरी पेटते का बघायची, पिकअपमध्ये डिझेल आहे का विचारायची, ताट जागेवर आहे का पाहायची. पिशवी खुंटीला होती, त्यामुळं तिच्याकडं बघायचं कारणच नव्हतं.

ऑगस्टच्या एका सकाळी फोन आला. धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठच्यांनी दुपारच्या आत हलावं. वर आभाळ निळंभोर होतं आणि अंगणात वाळत घातलेल्या शेवया कडक होत होत्या. उत्कर्षानं ताट वाजवलं.

सगळं ठरल्यासारखं झालं. सौरभनं गायी सोडल्या. कौसल्याबाई देव घेऊन निघाल्या, जाता जाता शेवयाही गोळा केल्या. आबांनी फेट्याचा हट्ट धरला नाही. बंडीवरच बाहेर आले, दारामागं हात घातला आणि पिशवी काढली. काढतानाच त्यांचा चेहरा बदलला. पिशवी हलकी होती. त्यांनी ती खाटेवर उलटी केली. एक वर्तमानपत्राचा तुकडा पडला.

"लुगडं कुठाय?" आबांनी विचारलं.

कौसल्याबाई पिकअपमधून उतरून दारात आल्या. "मोरगावची मामेबहीण आली हुती आखाडात. सवाष्ण बाई, वटी भरल्याबिगर लावायची व्हय तिला? म्हनलं आणून ठीवू दुसरं."

"आणि ढेप?" उत्कर्षानं विचारलं.

सौरभ दोन गायींची दावी हातात धरून अंगणात थांबला. "कपिली व्यायली त्या दिवशी घरातला गूळ संपला होता. व्यायलेल्या गाईला गूळ नको?"

"टॉवेल-टोपी?"

आबा रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले. मग म्हणाले, "दूध संस्थेत संदेश नवा संचालक झाला. सगळ्यांनी सत्कार केला. मी मोकळाच उभा ऱ्हाऊ?"

तिघांनीही पिशवीतलं एकेक काढलं होतं, तिघांचंही कारण रास्त होतं, आणि उरलेलं आहे म्हणून तिघंही निश्चिंत होते. उत्कर्षाला हसू आलं असतं, पण तेवढ्यात आबा खाटेवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, जागा धरून बसावं तसे.

"तुमी व्हा फुडं," ते म्हणाले.

ते वाक्य तिनं मागच्या वर्षीही ऐकलं होतं. ती खाटेजवळ खाली बसली.

"आबा, मोनाताईंचे सासरे साडी मोजायला बसलेत का?"

"ते न्हाय मोजत. म्हून तर." आबा जमिनीकडं बघत होते. "एक तर आदीच ऱ्हायलंय. त्यात आनी आज हात हालवत जाऊ?"

"काय राहिलंय?"

उत्तर कौसल्याबाईंनी दिलं. "मोनाच्या लग्नात मांडवात गाय बोलले हुते हे. चारचौघांत. तवा गुरांवर लम्पीची साथ आली. जनावरं हलवायला बंदी, बाजार बंद. तू या घरात यायच्या आदीचं हाय. बंदी उठली तवर साल गेलं. मग म्हनले, साधी कशाला, घरची चांदी कालवड देऊ, मोठी हूं दे. चांदी मोठी झाली, आता पैलारू गाभण हाय, तरी हे गप. उशीर झाला की लाज वाटती, आन् लाज वाटली की आनी उशीर व्हतुय. तवापासनं ह्यांना इंदापूर लांब पडाय लागलंय."

सौरभ म्हणाला, "आयला, मी विसरलोच होतो."

"ते इसरले नसतील," आबा म्हणाले.

उत्कर्षानं अंगणात बघितलं. सौरभच्या मागं, सगळ्यात शेवटी, चांदी उभी होती. कपाळावर चंद्रकोरीसारखा पांढरा ठिपका. हा सगळा गोंधळ दुसऱ्याच कुणाच्या घरचा असल्यासारखी ती रवंथ करत होती.

"मग आबा," उत्कर्षा म्हणाली, "चांदीला तात्यांच्या गोठ्यात कशाला न्यायचं? नाहीतरी आज ती घराबाहेर पडलीच आहे. पिकअप इंदापूरलाच चाललाय."

आबांनी वर बघितलं. आधी सुनेकडं, मग कालवडीकडं.

"आज?"

"मग कधी?"

आबा उठले ते थेट अंगणात गेले. "सौऱ्या, दावं दे हिकडं. असं न्हाय धरायचं. गाभण हाय ती. मागं वैरणीचं चगाळ टाक जाड, पाय घसरंल तिचा. आन् ती फळी लाव. कौसल्या, हळदी-कुंकू घे, गाय काय मोकळ्या कपाळानं देत्यात व्हय?" आत्ताआत्तापर्यंत ज्या माणसाला हलवता येत नव्हतं, तो आता सगळ्यांना हलवत होता. बाकीच्या गायी वर तात्यांकडं पोचवून सौरभ परत आला तोवर चांदी पिकअपमध्ये चढलेली होती. कौसल्याबाईंनी तिच्या कपाळावर कुंकू लावलं. उत्कर्षानं गॅस बंद केला, वीज बंद केली, दाराला कुलूप घातलं. ओढा अजून ओढ्यातच होता.

पुढं केबिनमध्ये सौरभ, कौसल्याबाई आणि उत्कर्षा बसले. आबा मागं चांदीजवळ. बंडी, जुनं धोतर, उघडं डोकं, आणि एका पायात स्वतःची तर दुसऱ्या पायात सौरभची चप्पल. असे ते भर दुपारी बारामतीच्या पेन्सिल चौकातून गेले. सिग्नलला कुणीतरी विचारलं, "आबा, बाजारला का?"

"व्याह्याकडं," आबा म्हणाले. "गाय द्यायला."

पुराचं त्यांनी नावही काढलं नाही.

इंदापूरला इंद्रजितराव आणि मोना फाटकाशी उभे होते. इंद्रजितराव धिप्पाड आणि बोलके गृहस्थ. वाकून नमस्कार करता करता त्यांची नजर पिकअपकडं गेली.

"पूर आलाय म्हणून मोना काळजीनं अर्धी झाली," ते म्हणाले, "आणि तुम्ही गाय कसली आणलीय?"

"मांडवात बोललो हुतो. उशीर झाला."

"कोण म्हणतं उशीर झाला? गाभण दिसतीय की. तुम्ही एक बोलला होता, दीड आणलीय."

आबा हसले. मोनानं पुढं होऊन चांदीच्या कपाळावर हात ठेवला, मग बापाच्या पायांकडं बघितलं. "आबा, चपला दोन जातीच्या हाईत."

"असू दे. पाय दोनी माझेच हाईत."

त्या मुक्कामात सांगवीला पाणी घराच्या दारापर्यंत आलं, उंबरा काही ओलांडला नाही. परत निघताना इंद्रजितरावांनी पिकअपमध्ये डाळिंबांच्या दोन पेट्या टाकल्या, कौसल्याबाईंना साडी आणि आबांना टॉवेल-टोपी दिली. घरी आल्यावर उत्कर्षानं साडी आणि टॉवेल-टोपी नव्या पिशवीत घालून खुंटीला लावायला घेतली, तेव्हा आबाच म्हणाले, "कशाला? मला आता नको."

खरंच नको होती. दिवाळीच्या आसपास चांदी व्यायली, तिला कालवड झाली, आणि ती मोनाला काही धार काढू देईना. लाथ झाडायची. तेव्हापासून आबा दर चार-आठ दिवसांनी एसटीनं इंदापूरला जाऊ लागले. चांदीशी बोलत बसायचे, धार काढायचे, मोनाला शिकवायचे. मोना महिनाभरातच शिकली. आबांनी ते घरी सांगितलं नाही.

पुढच्या जूनमध्ये उत्कर्षानं पुन्हा सरावासाठी ताट वाजवलं. कुत्रं पळालं. ती गॅस बंद करून, कुलूप लावून बाहेर आली तेव्हा आबा पिकअपमध्ये आधीच बसलेले होते, उघड्या डोक्यानं, हात रिकामे.

"किती येळ लावती गं," ते म्हणाले. "चांदीची धार काढायची हाय मला."

"आबा, हा सराव आहे. आपण देवळापर्यंत जाऊन परत येणार आहोत."

आबांनी खिडकीतून सौरभकडं बघितलं. "देवळापतुर जातोच हाय, तर इंदापूर काय लांब हाय?"