मला 'स्वच्छ' म्हणायला लावलं

मित्रांनो, घड्याळ समजून मला वेळ विचारू नका. मी एक जुना बॅरोमीटर आहे. हवेचा दाब सांगणं हे माझं काम. अंग पितळेचं, तोंड गोल, काचेला तडा गेलेला आणि आत एक काळी सुई. तोंडावर डावीकडून उजवीकडे पाच शब्द कोरले आहेत: वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ, कोरडं. सुई ज्या शब्दावर उभी, तशी हवा, असं लोक समजतात. बिचारे लोक!

माझा जन्म एका थंड, धुक्याच्या गावी झाला. एका कारागिराने माझ्या पोटात पत्र्याची पोकळ डबी बसवली. हवा जड झाली की डबी दबते, हलकी झाली की फुगते आणि सुई सरकते. एवढीच माझी विद्या. पण त्या विद्येच्या जोरावर मी एका शिडाच्या जहाजावर चढलो आणि पॅसिफिक समुद्र पालथा घातला. आम्ही बेटाबेटांवरून संत्री आणि सुकं खोबरं न्यायचो. कप्तान रोज सकाळी बोटाच्या पेराने माझ्या काचेवर टकटक करायचा आणि मग दोर सोडायचा की नाही ते ठरवायचा. काय मान होता तेव्हा माझा! जहाज मोडीत निघालं, तेव्हा कप्तानाने मला ऐतुताकी बेटावरच्या रुआ नावाच्या कोळ्याला देऊन टाकलं. रुआने मला घराच्या पडवीत खिळ्यावर टांगलं.

त्याच्या बायकोचं नाव तेपाएरू. आज सगळं बेट तिला मामा तेपाएरू म्हणतं. हसू नका, आमच्याकडे वयस्कर बाईला मामाच म्हणतात.

आमच्या उष्ण समुद्रात माझी एक खोड आहे. ती ठाऊक नसेल तर घोटाळा होतो. चांगल्या हवेतसुद्धा माझी सुई सकाळी न्याहारीच्या सुमारास थोडी चढते, दुपार कलली की थोडी उतरते आणि संध्याकाळी पुन्हा वर येते. समुद्राला भरती-ओहोटी असते तशीच ही हवेची. थंड देशातले पाहुणे दुपारी माझ्यासमोर आले की त्यांची पाचावर धारण बसते. बेटावरची माणसं मात्र हसतात. "काही नाही हो, दुपारचा उतार आहे," म्हणतात आणि पुन्हा आडवी होतात.

या 'दुपारच्या उतारा'नेच रुआचा घात केला. जानेवारीतला दिवस होता. माझी सुई उतरत होती आणि तो उतार रोजचा नव्हता. रुआने जाता जाता नजर टाकली, म्हणाला, "दुपारचा उतार," आणि होडी घेऊन बेटाभोवतीच्या पोवळ्याच्या खडकांच्या कडेपलीकडे, खुल्या समुद्रात गेला. तो परत आला नाही. मी ओरडू शकलो असतो तर गाव गोळा केलं असतं. पण मला तोंड आहे, आवाज नाही.

त्यानंतर तेपाएरूने दोन मुलांना वाढवलं. मोठी मेतुआ, धाकटा तेआरिकी. पोटासाठी तिने किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. दूरदूरचे लोक फोन करून विचारायचे, "आम्हाला तुमच्या बेटावर सुट्टी घालवायची आहे, कधी येऊ?" मामाचं उत्तर ठरलेलं: "जून ते सप्टेंबर या. वारा गार, आकाश मोकळं. डिसेंबर ते मार्च वादळांचे दिवस, माझ्या खोल्या बंद." लोक म्हणायचे, अहो, आमची सुट्टी नाताळातच असते! "मग दुसरीकडे जा," असं म्हणून मामा फोन ठेवायची. शेजारचा म्हातारा माकी चिडवायचा, "तेपाएरू, पाहुण्यांना हाकलायचं दुकान छान चाललंय तुझं!"

इतपत ठीक होतं. पण मामाने हाच नियम पोटच्या पोरीलाही लावला.

मेतुआ लग्न होऊन ऑकलंडला गेली आणि तिथल्या दवाखान्यात परिचारिका झाली. थंडीच्या दिवसांत, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात जून-जुलैत, तिथे रोग्यांची रीघ लागते. तेव्हा तिला कोण सुट्टी देणार? सुट्टी मिळायची ती जानेवारीत. दरवर्षी डिसेंबर लागला की तिचा फोन यायचा. मामा त्या महिनाभर रोज माझ्यासमोर उभी राहायची. नाताळापर्यंत सुई एकदाही 'स्वच्छ'खाली गेली नाही तर त्या साली वादळ नाही, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मित्रांनो, मला फार तर उद्या-परवाचं कळतं हो! महिन्यानंतरचं मी काय सांगणार? पण मामाने मला देव्हाऱ्यात बसवलं होतं. त्या दिवसांत सुई एकदा तरी खाली यायचीच. मग मामा फोनवर म्हणायची, "यंदा नको गं. म्हातारा नाही म्हणतोय." म्हातारा म्हणजे मी.

अशी नऊ वर्षं गेली. मेतुआला पोको नावाची मुलगी झाली, चालायला लागली, शाळेत गेली. आजीने तिला फक्त फोनवर ऐकलं. शेवटी एका वर्षी डिसेंबर लागायच्या आधीच मेतुआ फोनवर चिडून म्हणाली, "आई, तुला मी नको, चांगली हवा हवी आहे!" फोन बंद झाला. मामा पडवीत येऊन बसली आणि पदर नसलेल्या त्या बाईने झग्याच्या काठाने डोळे पुसले. तेआरिकीने ते पाहिलं. आतून मी तुटलो होतो, कारण दोघींच्या मध्ये मी टांगलेला होतो.

पुढच्या रविवारी मामा चर्चमध्ये गेली असताना तेआरिकीने मला खिळ्यावरून उतरवलं. माझ्या पाठीत एक छोटा स्क्रू आहे. दाब बरोबर जुळवण्यासाठी कारागिराने तो ठेवलेला आहे. तेआरिकीने त्यात सुरीचं टोक घातलं.

"माफ कर रे म्हाताऱ्या," तो पुटपुटला. "बहिणीला घरी यायचंय."

त्याने स्क्रू पिळला. माझी सुई 'बदल' सोडून फरफटत 'स्वच्छ'च्याही पुढे गेली. बाहेर हवा तीच होती. मी मात्र खोटारडा झालो होतो. पोरगा वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण मला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या डिसेंबरात सुई कितीही उतरली तरी 'स्वच्छ'खाली गेली नाही. मामाचा चेहरा दिवसेंदिवस उजळत गेला. "बघ रे, म्हातारा हो म्हणतोय!" तिने स्वतः फोन लावला. पलीकडून मेतुआ रडली ते पडवीत मलासुद्धा ऐकू आलं.

जानेवारीत मेतुआ आणि पोको आल्या. मामाने दोघींच्या गळ्यात फुलांचे इतके हार घातले की पोकोचं नाकच दिसेना. घरात नीरफणस भाजला गेला, नारळाच्या दुधात कच्ची मासळी मुरली, गाणी झाली. मीही क्षणभर विसरलो की मी खोटा आहे.

मग एका संध्याकाळी रेडिओ बोलला: वायव्येला चक्रीवादळ तयार होत आहे, दिशा नक्की नाही. एरवी हे ऐकून मामाने खिडक्यांना फळ्या ठोकल्या असत्या. पण ती माझ्यासमोर आली, टकटक केली आणि म्हणाली, "रेडिओ काय, रोजच बोंबलतो. माझा म्हातारा बघा, कसा ठणठणीत आहे! उद्या होडीने पल्याडच्या बेटावर जायचं. पोकोला तिचे आजोबा जिथे जाळं टाकायचे ती जागा दाखवायची आहे."

सकाळ झाली. न्याहारी झाली, पण सुई चढली नाही. ती घसरत होती. शब्द 'स्वच्छ'च होता, पण चाल वाईट होती. बघा ना, मित्रांनो, माझ्या चालीकडे बघा, असं मी मनात ओरडत होतो. टोपल्या भरल्या गेल्या. मेतुआने पोकोला होडीत बसवलं. इंजिन चालवायला तेआरिकी जाणार होता. तो टोपी घ्यायला पडवीत आला आणि माझ्यापुढे थबकला.

"अरे, तो आरसा आहे का?" मामाने किनाऱ्यावरून हाक मारली. "नटून झालं असेल तर ये की!"

तेआरिकीच्या हातातली टोपी पडली.

"आई, होडी नको."

"का? पोट दुखतंय?"

"म्हातारा खोटं बोलतोय. मी बोलायला लावलंय. डिसेंबरात मी त्याचा स्क्रू पिळला."

मामा वाळूतून वर आली. तिने मला भिंतीवरून काढून उलटं केलं आणि स्क्रूवरचे ताजे ओरखडे पाहिले. ती थापड मारेल असं मला वाटलं. तिने मारली नाही. 

"पोरीला उतरव," ती एवढंच म्हणाली. "होडी वर ओढा."

दुपारपर्यंत समुद्र खडकांच्या कडेवरून आत आला. सगळं गाव चर्चच्या जाड चुन्याच्या भिंतींआड जाऊन बसलं. मला मात्र घाईत पडवीतच विसरले. मी एकट्याने ते वादळ पाहिलं. चारपैकी दोन खोल्या माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या, पडवीचं छप्पर उडालं, आणि त्या क्षणीसुद्धा माझी सुई 'बदल'वर उभी होती. आयुष्यभर खरं बोललो, आणि बोलण्याची खरी वेळ आली तेव्हा तोंडात भलताच शब्द. याहून मोठं दुःख मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मेतुआने मला चिखलातून उचललं. काचेला तडा तेव्हाच गेला. मामा पडलेल्या खांबावर बसून तेआरिकीला नाही नाही ते बोलत होती. तो मान खाली घालून ऐकत होता.

"पुरे आई," मेतुआ म्हणाली. "त्याने ते केलं म्हणून मी आले."

"मेली असतीस काल! आणि ही पोर पण!"

"नाही मेलो. पण नऊ वर्षं तू मला जिवंतपणी भेटली नाहीस, त्याचं काय? बाबा गेले ते दुपारचा उतार समजून गेले. मी कुठे समुद्रावर निघाले होते गं? मी तर घरी यायला निघाले होते, दरवर्षी."

 मामाने पोकोला मांडीवर ओढलं आणि तिच्या केसांतली वाळू काढत बसली. तेआरिकीशी ती पुढे कितीतरी दिवस बोलली नाही.

यंदाही डिसेंबर आला. नव्या पडवीत मला पुन्हा टांगलं आहे, पण स्क्रू कोणी जुळवलेला नाही. किती पिळला होता ते तेआरिकीला आठवत नाही. मेतुआचा फोन आला. "आई, जानेवारीतच सुट्टी मिळतेय. काय करू?" मामाची नजर सवयीने माझ्याकडे वळली.  रेडिओ त्याच दिवशी म्हणाला होता की यंदा वादळं जास्त होतील.

"ये," मामा म्हणाली. "वादळ आलं तर चर्चमध्ये बसू. सगळे मिळून बसू."

फोन ठेवल्यावर ती लगेच खिडक्यांच्या फळ्या मोजायला लागली. भीती गेली नव्हती, मला दिसत होती ना.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद टांगलेला असेल, तर त्याला रोज एकदा टकटक करा. हवामान खात्याला खरा दाब विचारून त्याचा स्क्रू जुळवा. त्याचा शब्द वाचू नका, सुई कुठून कुठे चालली आहे ते बघा. आणि ती वाईट चालू लागली तर होडी वर ओढा, मग कोणी हसलं तरी चालेल. होडी कधी सोडावी, एवढं मी सांगू शकतो. लेकीला घरी कधी बोलवावं, हे मात्र मला विचारू नका. तेवढं ठरवण्याइतकी माझ्या पोटातली डबी मोठी नाही.