ज्याचं घर हललं

सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नयेच. माझा स्वतःचा बसायला बरीच वर्षं लागली, आणि मी तर त्या वेळी आत होतो.

ऐकायला घरचीच मंडळी होती. बायको, नवा नातजावई आणि माझी धाकटी मेहुणी. ती शिवणकाम करते. निदान सुईत दोरा ओवताना तरी गप्प बसेल, अशी माझी भोळी समजूत.

मी तेव्हा लिफ्टच्या कारखान्यात होतो. लिफ्टच्या ब्रेकचे आराखडे तपासायचे, हे काम. नोकरी पूर्ण वेळेची, आणि पायाची भिंगरी त्याहून पूर्ण वेळेची. म्हणून आम्ही दोघांनी चार चाकांवरची एक खोली घेतली. आत पलंग, शेगडी, टेबल, इवलीशी मोरी. पुढे आमची मोटार आणि तिच्या आकड्याला मागे ही खोली. शुक्रवारी कारखाना सुटला की आम्हीही सुटायचो. सोमवारी घरून काम करायची मुभा होती, तो सोमवारही तिकडेच जायचा, टेबलावर संगणक मांडून. साहेबांना वाटे मी घरी आहे. मी घरीच असायचो. घर कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

मग कुणीतरी चुगली केली. साहेबांनी सगळ्यांना बजावलं, "घरून म्हणजे घरून. ज्याचं घर हललं, त्याची नोकरी हलली."

नोकरी गेली असती तर खोलीही विकावी लागली असती. आणि बायकोने तर तिला नुकतेच नवे पडदे शिवून लावले होते.

"मी शिवले होते," मेहुणी म्हणाली.

"बरं, तू शिवले होतेस. दोरा ओव."

तर तो सोमवार. तळ्याकाठी, उतारावर खोली उभी. सकाळीच गॅस संपला. बायको मोटार सोडवून टाकी आणायला गावात गेली. जाताना म्हणाली, "चाकाखालचा ठोकळा बघा हं." मी बघितला. छान सपाट होता. आदल्या बैठकीत साहेब म्हणाले होते, "तुमच्या नाकपुड्यांखेरीज काही दिसत नाही, कॅमेरा वर घ्या." तो ठोकळा मी काढून आणला आणि संगणकाखाली ठेवला. जन्मभर ब्रेक तपासणाऱ्या माणसाने.

साहेबांचा चेहरा पडद्यावर उमटला, आणि खिडकीबाहेरचं झाड एक पाऊल मागे सरकलं.

माझ्या पाठीमागे काचेचं दार. ते मी अंगाने झाकून बसलो होतो. उठलो तर साहेबांना पळता रस्ता दिसणार, बसून राहिलो तर तळं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. माझ्या वाट्याला इकडे साहेब आले होते.

"तुमच्या कामाची गाडी कुठे अडलीय?" साहेबांनी विचारलं.

"अडली नाही, साहेब. सुटलीय."

"वा. वेग?"

"वाढतोय."

"मग घाम का फुटलाय?"

"वेगाचाच आहे."

कपाटाचं दार उघडलं आणि ताटल्या एकामागून एक खाली उतरू लागल्या. साहेबांनी कान टवकारले.

"आवराआवर चाललीय," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला आणि नाक पडद्याला लागेल इतके जवळ आले. बैठकीतले बाकीचे चेहरे श्वास धरून बसले. "तुमच्या डोक्यावरचा दिवा झुलतोय," ते सावकाश म्हणाले. "तुमचं घर हलतंय का?"

"वरच्या मजल्यावर फरशी फोडताहेत, साहेब."

"अस्सं." ते काही हलले नाहीत. "आणि आपला नवा ब्रेक? भरवशाचा आहे ना?"

तेवढ्यात छतावर पाण्याची झिलमिल नाचू लागली. तळं आलं होतं.

"आत्ता सांगतो, साहेब," म्हणालो, संगणक छातीशी कवटाळला, साहेबांचं तोंड माझ्या शर्टात दाबलं आणि एका उडीत पुढच्या सीटवर जाऊन पडलो. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. चाकं किंचाळली. पुढच्या चाकाने पाण्याला नुसतं बोट लावलं आणि ते थांबलं. काठावरच्या बदकाने मान वळवून पाहिलं, एवढंच.

मी संगणक पुन्हा समोर धरला. "भरवशाचा आहे, साहेब."

नातजावयाने कधीचा कोंडलेला श्वास सोडला. बायको पदराला सुरकुती नसताना ती नीट करत होती. मेहुणीने दातांनी दोरा तोडला.

"भावोजी," ती म्हणाली, "मोटार तर ताई गावात घेऊन गेली होती. मग तुम्ही ब्रेक कशाचा दाबलात?"