चहात काही नाही

रऊफभाईंनी पंपाची मोटार टेबलावर उलटी केली, तसा आतून जळक्या वार्निशचा भपकारा आला. डबा घेऊन आलेली म्हाळसाबाई दुकानाच्या पायरीवरच थबकली. मोटारीच्या अंगावर खडूने ‘सू’ काढलेला होता. सू म्हणजे सूर्यभान, तिचा मुलगा. जळक्या मोटारीत नवी तार भरून देणाऱ्या शहागंजातल्या या वाइंडिंगच्या दुकानात जो कारागीर मोटार भरेल त्याने तिच्यावर आपली खूण टाकायची, अशी रीत होती. मोटार जळून परत आली की कुणाला धरायचं ते लगेच कळायचं.

‘‘देखो अम्मा,’’ रऊफभाई म्हणाले, ‘‘ही तिसरी. गिऱ्हाईक माझ्या नावानं बोंबलतंय. पोरगा चांगलाय, मैं ना नहीं बोलता. पण उद्यापासून त्याला घरीच आराम करू द्या.’’

सूर्यभान भिंतीला पाठ लावून बसला होता. ती जागा काकडे मॅडमनी ठरवून दिलेली. डोक्याच्या आजारातून उठलेल्या पोरांना पुन्हा शिक्षणाला, कामाला लावणाऱ्या संस्थेत त्या होत्या. पाठीमागे कुणी नसलं की त्याला बरं वाटतं, हे त्यांनी रऊफभाईंना पटवलं होतं. सकाळी अर्धा दिवस दुकान, दुपारी आयटीआयचं राहिलेलं वर्ष, मध्ये डोकं भणभणलं तर मशिदीपर्यंत एक चक्कर, असं सगळं त्यांनीच बसवलं होतं. आणि ते बसलंही होतं. गेल्या महिन्यात त्याने आईसाठी चपला आणल्या होत्या. एक नंबर मोठ्या होत्या, तरी ती त्याच घालून हिंडत होती.

‘‘माझंच चुकलं असल, भाई,’’ सूर्यभान खाली बघून म्हणाला.

समोर पुंजाराम, दुकानातला जुना कारागीर, तारेचं टोक डोळ्यांशी नेऊन बघत होता. त्याने मान वर केली नाही.

डबा तसाच भरलेला घेऊन मायलेक घराकडे निघाले. रस्त्यात हातगाड्यांची दाटी होती. सूर्यभान पुढे, म्हाळसाबाई मागे. तो मागे न बघताच बोलला.

‘‘आई, मला असं वाटलं, पुंजारामनं त्याची खूण पुसली अन् माझी काढली. पाह्यलं बी मी. फडकं थुंकीनं ओलं केलं त्यानं.’’

‘‘मग बोलला का नाय तू? भाईला सांगायचं न्हवं?’’

‘‘काय सांगू? चहा असल तो.’’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. चहा हा शब्द ऐकला की म्हाळसाबाई आताशा दुसरीकडे बघायची, आणि घरात तर तो शब्द दिवसातून दहादा निघायचा. तिने पदर तोंडाला लावला आणि पाऊल उचललं.

त्या शब्दाची गोष्ट अशी. दोनेक वर्षांपूर्वी सूर्यभान आयटीआय सोडून घरी बसला, तेव्हा रेडिओवाला आपलं नाव घेतो, शेजारचे भिंतीतून आपल्याला शिव्या देतात, असं तो म्हणायचा. कानात कापूस कोंबून कोपऱ्यात बसायचा. गोळी पुढे केली की थुंकून द्यायचा. बाप, केरबा, मेंढरं घेऊन फर्दापूरच्या बाजूला. घरात ही एकटी. शेवटी एका डॉक्टरने पातळ औषधाची बाटली दिली. म्हणाला, तो ऐकेपर्यंत चहातून द्या, सध्या दुसरा इलाज नाही. ती देऊ लागली. औषध कडवट होतं, म्हणून आलं जास्त ठेचायची.

एके दिवशी सूर्यभानने कप भिंतीवर फेकला.

‘‘चहात कायतरी घालती तू! मारायला उठलेत सगळे!’’

ती नाही नाही म्हणाली. त्याला पटेना. तो दाराकडे निघाला, अंगात सदरा नाही, पायात काही नाही. मग तिने जे करू नये ते केलं. देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकापुढचा बेल-भंडारा उचलला. तळहातावर बेलाचं पान, वर हळदीची मूठ. ‘‘चहात काही नाय, देवाशपथ काही नाय,’’ असं ती म्हणाली.

बेल-भंडारा उचलला की माणूस खोटं बोलत नाही. तिच्या माहेरी चराऊ रानांचे, चोरलेल्या मेंढ्यांचे, मोडलेल्या सोयरिकींचे तंटे त्याच्यावर मिटलेले तिने बघितले होते. कोर्टात खोटं बोलणारी माणसं भंडाऱ्यापुढे गप्प बसत. हे सूर्यभानलाही ठाऊक होतं. तो तिच्या पिवळ्या हाताकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि ढसाढसा रडला. म्हणाला, ‘‘म्हंजे माझ्याच डोक्यात हाय ते.’’

दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या पायांनी डॉक्टरकडे आला. गोळ्या हाताने घेऊ लागला. बाटली तिने नालीत ओतली आणि सुटकेचा श्वास टाकला. देवाला काय, ती स्वतःशी म्हणाली, लेकराची माया त्यालाही कळते. पण मनाला ते पटलं नाही. तेव्हापासून तिने खंडोबाचा कडक रविवार धरला होता. पाणीसुद्धा दिवेलागणीनंतर. केरबाला वाटायचं, पोराच्या आजारासाठी बाई उपास करते.

पुढे काकडे मॅडमनी सूर्यभानला विचारलं, तुला पहिल्यांदा कधी कळलं, की मनाला येतं ते सगळं खरं नसतं? त्याने चहाची गोष्ट सांगितली. मॅडमना ती फार आवडली. तेव्हापासून ती दोघांमधली खूणच झाली. संशय आला की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, हा चहा तर नाही ना? रस्त्यात कुणी हसलं, चहा. आयटीआयचे सर दुसऱ्याशी कुजबुजले, चहा. त्या एका शब्दाला धरून पोरगं विहिरीतून वर आलं होतं. आणि दोराचा पीळ मुळातच खोटा होता, हे वर उभ्या असलेल्या आईला तेवढं माहीत होतं.

संध्याकाळी काकडे मॅडमचा फोन आला. सूर्यभान पाणी भरायला खाली गेला होता.

‘‘मावशी, रऊफभाईंशी बोलले मी. ते म्हणतात, खूण सूर्यभानची आहे आणि तो स्वतःच चूक कबूल करतोय. मला तर त्याचा हात चांगला वाटतो. पण तोच म्हणत असेल माझं चुकलं, तर मी कशावर भांडू?’’

‘‘त्यानं काय पाह्यलं आसल तर?’’

‘‘पाहिलं असेल तर त्याने सांगू दे. मी उद्या सकाळी येते दुकानात. पण सांगायचं त्यालाच लागेल, मावशी.’’

फोन ठेवून म्हाळसाबाई स्टोव्हपुढे भाकरीचं पीठ मळायला बसली. खरं सांगावं, तर आईच विष घालत होती असं म्हणून तो गोळ्या फेकून द्यायचा. पुन्हा कापूस, पुन्हा कोपरा. न सांगावं, तर उद्या कुणीही याच्या डोळ्यांदेखत याच्या अंगावर काहीही ढकलावं, आणि याने ‘चहा’ म्हणून मान खाली घालावी. आपण त्याचं डोकं बरं केलं आणि डोळे काढून घेतले. तिला स्वतःची अशी किळस आली की वर आलेलं रडं तिने गिळलंही नाही. थेंब परातीत पडले.

तो हंडा घेऊन वर आला. तिने हात धुतले, देव्हाऱ्यापुढे बसली आणि त्याला समोर बसवलं. भंडाऱ्याच्या वाटीला मात्र हात लावला नाही. आता कुठल्या तोंडाने लावणार?

‘‘भान्या, त्या दिशी मी भंडारा उचलला व्हता.’’

‘‘व्हय.’’

‘‘चहात व्हतं.’’

त्याला कळलं नाही. ‘‘काय व्हतं?’’

‘‘अवषद. डाक्टरनं देल्हतं. तू गोळी घेत नव्हता. मी चहात घालायचे. अन् देवावर हात ठिवून नाय म्हणले.’’

खाली कुणाची तरी बादली खणखणली. सूर्यभान तिच्या हातांकडे बघत होता, त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

‘‘आलं लई टाकायची तू,’’ तो म्हणाला.

‘‘कडू लागायचं म्हणून.’’

‘‘मला कळायचं. जिभेला कळायचं मला.’’ त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. ‘‘मी म्हणलो, मपली जीभ येडी झाली. अन् रेडिओ?’’

‘‘रेडिओचं खोटं व्हतं, बाबा. शेजारच्यांचं भितीतलं बी खोटं. मी तुज्यासंगं बसून कान लावलाय भितीला. चहाचं तेवढं खरं व्हतं.’’

‘‘मग मी वळखू कसं? कोणतं खरं अन् कोणतं खोटं?’’

तिने भंडाऱ्याच्या वाटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

‘‘मला ठावं नाय,’’ ती म्हणाली. ‘‘मी चुकले. तुला मारायचं म्हणून नाय घातलं रं. पण मी चुकले.’’

तो उठला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. ती दाराशी उभी राहिली. परत यायला त्याला फार वेळ लागला नाही, पण तेवढ्यात तिने खंडोबाला हजार वेळा सांगितलं, की काय घ्यायचं ते माझं घे. परत आला तो भाकरी खाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. रात्रीची गोळी त्याने घेतली की नाही, हे विचारायची तिची छाती झाली नाही. विचारायचा हक्क तरी कुठे उरला होता?

सकाळी ती जागी झाली ती स्टोव्हच्या आवाजाने. सूर्यभान चहा करत होता. असं तो कधी करत नसे. तिने उठायची घाई केली, तर त्याने हातानेच ‘बस’ म्हटलं. दोन कप भरले. एक तिच्यापुढे ठेवला. आपल्याकडच्या कपाकडे जरा वेळ बघत राहिला आणि मग तोही तिच्यापुढे सरकवला.

‘‘आधी तू पी. दोन्हीतलं.’’

म्हाळसाबाईने एका कपातला घोट घेतला, मग दुसऱ्यातला. जीभ भाजली. इथून पुढे रोज असंच, हे तिला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं, आणि आपल्याला ते कमीच आहे, असंही वाटलं.

त्याने आपला कप परत घेतला. खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी फोडून जिभेवर ठेवली आणि वरून चहा प्यायला. रात्रीच्या गोळीची जागाही पट्टीत रिकामी होती. मग त्याने फोन लावला. आवाज मोठा करून ठेवायची त्याची सवय होती. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

‘‘मॅडम, सूर्यभान बोलतोय. तुम्ही दुकानात येणार हायेत न्हवं? मला भाईला सांगायचंय. पुंजारामकाकानं खूण बदलली. फडक्यानं पुसताना मी पाह्यलं. त्याला आता बारीक तार दिसत नाय, मॅडम, म्हणून जळत्यात त्याच्या मोटारी. आन् मी तारेची गाठ उजवीकून मारतो, तो डावीकून. मोटार उघडून बघा म्हणावं.’’

‘‘अरे, मग काल का नाही बोललास?’’ मॅडम म्हणाल्या. मग जपून त्यांनी विचारलं, ‘‘सूर्यभान, नीट आठवून सांग. हा चहा तर नाही ना?’’

त्याने आईकडे बघितलं. ती कप दोन्ही हातांत धरून बसली होती.

‘‘चहाच हाय, मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणून तर म्हणतोय, या.’’

पलीकडे मॅडम काहीतरी विचारत होत्या. त्याने फोन कानाला लावला आणि बोलत बोलत जिना उतरला. म्हाळसाबाईने उरलेला चहा पिऊन टाकला. त्यात आलं नव्हतं.