सतरा सेंटिमीटर

मोजपट्टीचं एक टोक मामाच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या. त्यामुळे पुढं जे झालं त्यात माझाही अर्धा वाटा आहे. पोरगा भिंतीला पाठ टेकून, दोन्ही हात पसरून उभा होता. उंची दोनशे सात सेंटिमीटर आणि या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत दोनशे चोवीस. मामानं आकडा दोनदा मोठ्यानं वाचला.

"उंचीपेक्षा सतरा जास्त! तीस वर्षं पोरं बघतोय, असे हात पाहिले नाहीत गं."

बास्केटबॉलमध्ये लांब हातांवर जीव ओवाळून टाकतात. त्यातून सेंटर असला, म्हणजे रिंगखाली उभा राहून समोरच्यांचे चेंडू परतवणारा गडी, तर विचारूच नका. पण मी संघाची फिजिओथेरपिस्ट, मला हातांच्या आधी बाकीचंच दिसलं. छाती मध्ये खोलगट, चष्म्याची भिंगं जाड, बोटं कोळ्याच्या पायांसारखी. त्याला म्हटलं, अंगठा आत घालून मूठ आवळ. त्यानं आवळली, तर अंगठ्याचं टोक करंगळीच्या पलीकडून बाहेर डोकावलं. अशी शरीरं काही वेळा जन्मतःच सैल विणीची असतात. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी हळूहळू फुगत जाते आणि एक दिवस धावताना फाटते. या पोराला तसंच असेल असं नाही. पण छातीची एक तपासणी केल्याशिवाय छातीठोक कोण सांगणार?

परतताना गाडीत मामाला हे सगळं सांगितलं.

"शुभ बोल नाऱ्या!" तो खेकसला. "ज्यासाठी त्याला निवडला, त्यालाच तू रोग म्हणतेस?"

हा माझा सख्खा मामा. आई गेल्यावर यानंच मला वाढवलं, शिकवलं आणि क्लबात नोकरीला लावलं. क्लबसाठी नवे खेळाडू हेरणं हे त्याचं काम, आणि लागोपाठ तीन वर्षं त्यानं हेरलेले तिन्ही फुसके निघाले होते. मॅनेजरनं त्याला तोंडावर सांगितलं होतं, मामा, आता शेवटचा. सगळा क्लब त्याला मामाच म्हणायचा, आणि पाठीमागे त्याला मामा बनवायचाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता बैठक बसली. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत पाचला संपत होती. टेबलाभोवती आम्ही चौघं होतो: मॅनेजर, कोच, मामा आणि मी. मला बोलावलं होतं ते गुडघ्यांबद्दल सांगायला. सेंटर गुडघ्यात मोडतो, हे आमच्याकडचं ब्रह्मवाक्य. म्हणून नव्या सेंटरचे गुडघे, घोटे आणि कंबर तपासायची आणि सही करायची. छातीपर्यंत कुणी चढतच नाही.

"बचाव चांगला आहे, मान्य," कोच म्हणाला. "पण फ्री थ्रो? दहातले चार. समोर कुणी नाही, हात वर करून अडवणारं नाही, तरी चार! याच्या बदल्यात मी सासरेबुवाला सोडू?"

सासरेबुवा म्हणजे आमचा सर्वांत अनुभवी खेळाडू. येताजाता सगळ्यांना उपदेश करायचा, पण लांबून चेंडू टाकण्यात त्याचा हात कुणी धरत नसे.

"सासरेबुवा दोन वर्षांत घरी बसेल," मामा म्हणाला. "हा एकोणीसचा आहे. अरे, हा रिंगखाली असला की समोरचे आतच येत नाहीत. लांबूनच फेकतात आणि चुकतात. जे घडलंच नाही ते तुमच्या तक्त्यात कुठून दिसणार?"

"बुजगावणंही उभं राहूनच पाखरं हाकलतं. म्हणून त्याला कुणी संघात घेत नाही."

"व्हिडिओ लाव," मॅनेजर म्हणाला.

पडद्यावर पोरगा मैदानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत धावत आला, उडाला आणि रिंगकडे निघालेला चेंडू त्यानं भिंतीसारखा परतवला. "पाहिलंत?" मामानं चित्र मागं नेलं. पुन्हा धाव, पुन्हा उडी. सगळे चेंडू बघत होते. मी चेंडू गेल्यानंतरचं बघत होते. पोरगा जमिनीवर आला की उजवा हात छातीवर ठेवून क्षणभर थांबत होता. मामानं सहा वेळा चित्र मागं नेलं आणि सहाही वेळा तो हात छातीवर गेला.

"गुडघे कसे आहेत, ताई?" मॅनेजरनं विचारलं.

मामा माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत सगळं होतं, शाळेची फी, आजारपणातली जागरणं, सगळं. मला त्याची दया आली आणि रागही आला.

"गुडघे उत्तम आहेत," मी म्हटलं. "पण हृदयाची तपासणी झाल्याशिवाय त्याला कुणीही खेळवू नये. तो खेळता खेळता मरू शकतो."

खालच्या मैदानावरचा चेंडू आपटल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"खात्री आहे?" मॅनेजरनं विचारलं.

"नाही. म्हणूनच तपासणी."

"माझी भाची मालिश करते," मामा हळूच म्हणाला. "ती डॉक्टर नाही."

हे मला लागलं. अजून लागतं.

मॅनेजरनं घड्याळ बघितलं. "पाचच्या आत तपासणी होत नाही. म्हणजे विषय संपला." त्यानं तिथूनच पोराच्या सध्याच्या क्लबच्या मॅनेजरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "आम्ही माघार घेतोय. नाही, नाही, पोरगा झकास आहे. आमच्याकडेच जागा नाही."

मी खुणेनं म्हटलं, सांगा ना त्यांना. त्यानं मान हलवली आणि फोनवर हात ठेवून पुटपुटला, "उद्या काही निघालं नाही तर? पोराचं नाव खराब केलं म्हणून आपल्यालाच कोर्टात खेचतील."

फोनमधला आवाज दिलखुलास होता. "हरकत नाही हो. उलट बरंच झालं. तुमचं पक्कं होईपर्यंत दुखापत नको म्हणून दोन आठवडे त्याला बाकावर बसवला होता. आज सहाच्या सामन्यात पुरता पिळून काढतो."

फोन बंद झाला. कोच सासरेबुवाला आनंदाची बातमी सांगायला उठला आणि मॅनेजरही त्याच्यामागून गेला. मी खुर्चीला खिळले होते. सौद्यात होता तोवर पोरगा बाकावर सुरक्षित होता. मी तोंड उघडलं आणि त्याला मैदानात उतरवलं.

मामा पडदा गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता थांबला.

"त्याचे वडील छत्तिसाव्या वर्षी गेले," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "जिना चढताना. असेच उंच होते. त्याच्या आईनं मला सांगितलं होतं."

"आणि तू ते अहवालात लिहिलं नाहीस?"

"नाही लिहिलं."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्या क्लबच्या मॅनेजरला फोन मात्र त्यानंच लावला. तिकडून हसणं ऐकू आलं. "मामा, आधी माघार, मग आजारपणाची आवई? भाव पाडायची ही युक्ती तुमच्याइतकीच म्हातारी झाली." पोराचा फोन बंद होता. सामन्याआधी सगळ्यांचे फोन काढून घेतात. मग मामानं गाडीची किल्ली उचलली.

रस्ता तुंबलेला होता. सहाला आम्ही पुलावर अडकलो होतो आणि माझ्या फोनवर सामना सुरू झाला होता. समालोचक बेभान झाला होता. पाच मिनिटांत तीन ब्लॉक, म्हणजे रिंगजवळून परतवलेले चेंडू, पूर्वार्धात सात. "हा पोरगा दमतच नाही!" असले शब्द ऐकून मामा एरवी स्टिअरिंगवर थाप मारायचा. आज प्रत्येक ब्लॉकला तो नुसतं म्हणत होता, "पुरे रे. पुरे."

आम्ही पोचलो तेव्हा उत्तरार्ध सुरू झाला होता. दारावरच्या रखवालदारानं मामाला ओळखून सलाम ठोकला आणि आत सोडलं. मला वाटलं, मामा त्यांच्या कोचकडे जाईल, हातापाया पडेल. तो सरळ चालत सुटला. बाकांसमोरून, रेषा ओलांडून, खेळ चालू असताना. एकसष्ट वर्षांचा माणूस रिंगच्या बरोबर खाली गेला आणि मांडी घालून बसला.

शिट्टी वाजली. आधी हशा पिकला, मग शिव्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "मामा, घर समजलात का?" दोन पंच त्याचे दंड धरून ओढत होते आणि तो अंग टाकून बसला होता. या खेळात आता त्याला कुणी दारातही उभं करणार नव्हतं, आणि हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी धावत त्याच्याजवळ पोचले.

पोरगाही आला. घामानं निथळत होता. त्यानं वाकून काळजीनं विचारलं, "मामा, काय होतंय तुम्हाला?"

मामानं त्याचे ते लांब हात दोन्ही हातांत घट्ट धरले. "मला काही होत नाही, बाळा. तू बस. माझ्याशेजारी बस. आज खेळायचं नाही."

पोरगा गोंधळला, पण मोठ्या माणसाचं ऐकायची सवय असलेला होता. बसला. मी त्याचं मनगट धरलं आणि धावल्यावर छातीत काही होतं का, असं विचारलं.

"कळ येते. नेहमीचंच आहे," तो म्हणाला आणि ओशाळं हसला. "आज फक्त पाठीतही येतेय. आत्ताच, ब्रेकनंतर सुरू झाली. काहीतरी टर्रकन फाटल्यासारखं."

मामानं माझ्याकडे बघितलं. मी जिवाच्या आकांतानं ॲम्ब्युलन्स, ॲम्ब्युलन्स म्हणून ओरडले, पण वर लोक अजून हसतच होते.