फ्लोअर रिकामा करायचा धडा

नाचायला लोक आणणं कुणीही शिकवतं. त्यांना नकळत घालवायचं कसं, हे तिला डीजेचं काम शिकवणाऱ्या उस्तादांनी शिकवलं होतं. "गाणं बंद केलंस तर शिव्या खाशील. लागोपाठ दोन संथ गाणी लाव. पहिल्याला पोरं पांगतात, दुसऱ्याला बाकीच्यांना भूक आठवते."

आज तिला तेच हवं होतं. मागच्या खोलीत तिचं पाच महिन्यांचं, दुधाची वेळ झालेलं बाळ घेऊन नणंद बसली होती, आणि इथे यजमानांचा थोरला मुलगा डोक्यावर बसला होता. "आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झालीत, मॅडम. गाणी थांबता कामा नयेत."

तेवढ्यात नणंद दारात दिसली. बाळाचं रडणं ऐकू येत नव्हतं. नुसतं उघडं तोंड दिसत होतं.

तिनं पहिलं संथ गाणं लावलं. पोरं पांगली. दुसऱ्याला मावश्या-काकू ताटांकडे वळल्या. तिनं हेडफोन काढला, आणि नेमके म्हातारा-म्हातारी उठले. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून डोलू लागले.

"अगं बाई, आई नाचतेय!"

हातातल्या ताटांसकट सगळा हॉल परत गोळा झाला. थोरल्यानं लांबूनच खूण केली: चालू ठेवा. तिनं तिसरं गाणं लावलं.

नणंद टेबलापाशी पोचली. "वहिनी, आमचे छोटे साहेब दुधाच्या बाटलीकडे ढुंकूनही बघत नाहीत. घ्या बाई तुमचा ऐवज."

जाणार कुठे? बाळाला घेऊन ती टेबलाखाली, कापडाच्या आड बसली. स्पीकरचा दणका टेबलाच्या फळीतून पाठीत शिरत होता. बाळ ओढायला लागायचं, दचकायचं, सोडायचं. हात वर करून तिनं चाचपत आवाजाचं बटण खाली आणलं. बाळ शांतपणे प्यायला लागलं.

टेबलावर थाप पडली. "मॅडम! आवाज कुठे गेला? आहात ना?"

"आहे."

"अहो दादा, जरा दम धरा की," नणंद म्हणाली.

"दम काय धरा? आईबाबा थांबलेत तिकडे!"

बाळाचा एक कान तिच्या अंगाशी होता, दुसरा उघडा. बटणावरचा हात काढून तिनं त्या कानावर ठेवला.

"तुम्हीच वाढवा. डावीकडचं मोठं बटण."

दणका पुन्हा पाठीत शिरला. बाळाच्या भुवया आक्रसल्या, पण ओठ सुटले नाहीत. वर शेवटचं कडवं सुरू झालं होतं, आणि पुढचं गाणं तिनं लावून ठेवलेलं नव्हतं. ती हलली नाही.