ताईचं ‘कळलं’

ताईने ‘कळलं’ म्हटल्याशिवाय मी रेडिओवर एकही बातमी सांगत नाही. हा नियम स्टेशनवर कुणाला ठाऊक नाही, आणि असायची गरजही नाही. रोज सकाळी मी लोकांना राजकारणाची एक, तंत्रज्ञानाची एक आणि आरोग्याची एक अशा बातम्या सोप्या करून सांगतो. लोकांना वाटतं, काय हुशार माणूस आहे! खरं म्हणजे स्टुडिओत शिरण्याआधी मी ताईला फोन लावतो, ती आपल्या इस्त्रीच्या दुकानात कुणाचा तरी शर्ट पालथा घालून उभी असते, आणि माझ्या हुशारीचा निकाल तिथेच लागतो.

ती सहजासहजी ‘कळलं’ म्हणणाऱ्यांतली नाही. शब्दाशब्दाचा कीस पाडते. मी ‘तूट वाढली’ म्हटलं की विचारते, “कुणाच्या खिशाला?” मी चिडतो. ती इस्त्रीची वाफ सोडते, फुस्स, आणि म्हणते, “चिडू नकोस, बारक्या. मला कळत नाही म्हणजे तुलाच कळलेलं नाही.” या वाक्याने माझं डोकं फिरतं, कारण बहुतेक वेळा ते खरं असतं.

त्या सकाळीही सुरुवात नेहमीसारखीच झाली. सरकारमधल्या एका छोट्या पक्षाने पाठिंबा काढून घेतला होता.

“म्हणजे सरकार पडलं?” ताईने विचारलं.

“अजून नाही. सभागृहात डोकी मोजतील, मग ठरेल.”

“मग ‘पडलं नाही’ असं पहिल्याच वाक्यात सांग ना. लोक चहा ओतत ऐकत असतात, त्यांचा जीव कशाला टांगणीला लावतोस?”

मी वाक्य वर घेतलं. पुढची बातमी आवाजाची नक्कल करणाऱ्या मशीनची. भामटे आता नातेवाइकाच्या आवाजात फोन करून लोकांना गंडवतात.

“मग तू तरी माझा भाऊ कशावरून?”

“माझ्या कपाळावर खोक कुणी पाडली?”

“तू स्वतः धडपडलास.”

“कंगवा फेकून मारला होतास!”

“हो, तूच आहेस,” ती म्हणाली. मागे कसलीशी घंटी वाजली. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं असेल.

मग मी आरोग्याची बातमी काढली. “ताई, किडनीसाठी नवी गोळी आलीय. किडनी म्हणजे अंगातली गाळणी. ती नुकती बिघडायला लागली असेल, तर या गोळीने बिघाड मंदावतो. पण ज्यांची गाळणी पार कामातून गेलीय, त्यांना या गोळीचा काडीचा उपयोग नाही. त्यांनी उगाच आस लावून बसू नये.”

मी थांबलो. आता ती विचारणार, गाळणी चहाची की पिठाची, बिघडते म्हणजे नेमकं काय होतं, कामातून गेली हे कोण ठरवतं. उत्तरं माझ्या जिभेवर तयार होती.

“कळलं,” ताई म्हणाली.

“काय कळलं?”

“तू सांगितलंस ते. चांगलं सांगितलंस. ठेवते.”

पहिल्या फटक्यात! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी खूश व्हायला हवं होतं. त्याऐवजी मी हातातल्या फोनकडे बघत जिन्यात उभा राहिलो. तिचं कुणाशी वाजलं असेल का? की माझाच कंटाळा आला असेल? की मी खरंच इतकं छान सांगितलं? शेवटच्या शक्यतेवर माझाही विश्वास बसेना.

स्टुडिओत बसलो तरी चैन पडेना. कार्यक्रमाच्या निर्मात्या, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, काचेपलीकडून माझ्याकडे रोखून बघत होत्या. “खुर्चीत खिळे आहेत का?” त्यांचा आवाज माझ्या कानात आला. “कागद वाजवणं बंद करा. ऐकू येतं.”

लाल दिवा लागला. सरकार पडलं नाही हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. मग मशीनच्या आवाजांकडे वळलो.

“आवाज ओळखीचा वाटला म्हणून लगेच विश्वास ठेवू नका,” मी सांगत होतो. “आवाजाच्या मागचे आवाज ऐका. भाऊ म्हणतो, मी ऑफिसात आहे. मग मागे ऑफिसासारखं काही ऐकू येतंय का? की दुसरंच काही...”

आणि माझी जीभ अडखळली. फुस्स कुठे होतं?

सकाळच्या त्या अख्ख्या फोनमध्ये इस्त्रीचा आवाज एकदाही आला नव्हता. घंटी आली होती. घंटीनंतर एक बाई एकसुरात काहीतरी पुकारत होती. नंबर. ती नंबर पुकारत होती. दुकानात नंबर कोण पुकारतं? आणि गाळणीचं तिला पहिल्या फटक्यात कसं कळलं?

मॅडम हात हलवत होत्या. मी कसंबसं वाक्य पुरं केलं आणि त्यांनी जाहिराती सोडल्या. मी ताईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. जाहिरातीत कुणीतरी साबणाचं गाणं गात होतं आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. तिचे सुजलेले पाय. “दिवसभर उभी असते रे, सुजणारच.” तिचं अळणी जेवण. “वजन कमी करतेय.” मी जगाला आरोग्य समजावून सांगणारा माणूस, आणि तिच्या या दोन्ही वाक्यांना मी मान डोलावली होती.

“काय झालंय?” मॅडमनी विचारलं. “पुढची बातमी मी सांगू का?”

“नको, मीच सांगतो.”

लाल दिवा लागला. मी गोळीचं सांगितलं, गाळणीचं सांगितलं. मग कागदावर ते वाक्य आलं. काडीचा उपयोग नाही. आस लावून बसू नये. सकाळी हेच वाक्य मी केवढ्या ऐटीत म्हटलं होतं! आता ते तोंडातून बाहेर पडेना. खोटं तर सांगता येत नव्हतं. गोळी त्यांच्यासाठी नव्हतीच.

“ज्यांचा आजार पुढे गेलाय, त्यांच्यासाठी ही गोळी नाही,” मी म्हणालो, आणि कागद उलटा ठेवला. “पण बातमी गोळीची आहे, तुमची नाही. तुमच्यासाठी दुसरं काय आहे, ते डॉक्टरांना विचारा. एकदा विचारून कळलं नाही तर पुन्हा विचारा. डॉक्टर चिडले तर चिडू द्या. ऐकतेयस ना?”

शेवटचा प्रश्न तोंडातून निसटला. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि गाणं सोडलं.

मी कॉरिडॉरमध्ये आलो तोवर फोन वाजायला लागला होता.

“रेडिओवर मला ‘ऐकतेयस ना’ म्हणतोस?” ताई म्हणाली. “नोकरी घालवशील. कानात लावून ऐकत होते, इथल्या बाईने दटावलं मला.”

“इथल्या म्हणजे कुठल्या?”

मागे घंटी वाजली.

“ताई, गाळणी किती बिघडलीय?”

“तू म्हणालास तशी. पार कामातून.” तिचा आवाज अगदी साधा होता, शर्टाचा डाग निघणार नाही हे गिऱ्हाइकाला सांगावं तसा. “मशीनवर रक्त गाळायचं, नाहीतर कुणाची तरी किडनी बसवायची. तुझ्या भावोजींची जुळत नाही. डॉक्टर विचारत होते, भाऊ-बहीण कुणी आहे का.”

“मग?”

“मी म्हटलं, कुणी नाही.”

मला एवढा राग आला की मी भिंतीवर हात आपटला. “कुणी नाही? मग रोज सकाळी डोकं कुणाचं खातेस?”

“ओरडू नकोस. तुला मुलंबाळं आहेत. मी विचारलं असतं, तर तू लगेच हो म्हणाला असतास. तुला नाही म्हणता येत नाही, लहानपणापासून. म्हणून विचारलंच नाही. सोपं आहे. कळलं?”

“नाही कळलं.”

“बारक्या...”

“नाही कळलं, ताई. परत सांगितलंस तरी कळणार नाही. कुठल्या हॉस्पिटलात, कितव्या मजल्यावर आहेस?”

मग नाक ओढल्याचा आवाज आला. माझी ताई माझ्यासमोर कधी रडली नव्हती. मागून त्या बाईने एकसुरात एक नंबर पुकारला.

“माझा नंबर आला,” ताई म्हणाली. “सरकारी हॉस्पिटल, तिसरा मजला.”

“निघालोच मी. आत जा, बस.” मी जिना उतरायला लागलो होतो. “फक्त मी येईपर्यंत डॉक्टर काहीही म्हणाले तरी ‘कळलं’ म्हणू नकोस.”