दोरीवरचा पापड

"आ कर. आणखी." दंतवैद्य बाईंनी माझीच बोटं माझ्या तोंडात उभी घालायला लावली. तीन मावायला हवीत म्हणे. माझी दीडच मावली आणि कानापाशी कट्कन वाजलं.

"मोबाइल किती तास, वेनिंग?"

"कामापुरता."

"काम काय, दातांनी करतेस?"

एका कपड्यांच्या दुकानाच्या थेट जाकार्तापर्यंतच्या गिऱ्हाइकांना मी दिवसभर मोबाइलवर उत्तरं देते. काम संपलं की हनुवटी छातीत खुपसून, दात आवळून त्यावरच मालिका बघत लोळते. जेवतानाही तो वाडग्याला टेकवलेला असतो. बाईंनी बजावलं, मऊ खा, मान वर ठेव, दातावर दात दाबू नकोस, महिनाभर मोठा आ करू नकोस.

पण सतरा ऑगस्ट चार दिवसांवर आला होता. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनाला आमच्या गल्लीत दोरीला केरुपुक टांगतात. हात पाठीमागे बांधून तो मोठा पांढरा पापड नुसत्या तोंडानं खायचा. सलग सहा वर्षं मीच जिंकले होते. दोऱ्या बांधायचा मान बाबांचा. आई गेल्यापासून वर्षातला तेवढा एकच दिवस ते खदखदून हसतात. तो माझ्या हातून जायला नको होता, म्हणून घरी मी अवाक्षर काढलं नाही.

मैदानात बाबांनी माझे हात बांधले. "सातवं वर्ष हं, पोरी!"

दोन घास गेले. तिसऱ्याला जबडा अडकला तो अडकलाच. पापड नाकासमोर झुलत राहिला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अगं, मेसेज टाक त्याला, येईल तोंडात!" स्पर्धेचा पुकारा करणारा बाग्योदादा भोंग्यावरून ओरडला. अख्खी गल्ली खिदळली. बाबा हसले नाहीत. त्यांनी गाठ सोडली आणि मला घरी आणलं.

गरम फडक्यानं बराच वेळ शेकल्यावर जबडा सुटला. मग मी सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना?" बाबा उठले. वाडग्यात गरम सूप ओतून त्यांनी त्यात पापड बुडवला, थोडं थांबले आणि चमचा माझ्यापुढे धरला. "जिभेनं नुसता दाब. दात लागतच नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी असाच खातो की. दाढा गेल्या त्याला दोन वर्षं झाली."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तुझ्यासमोरच तर जेवायला बसतो रोज."

टोमणा नव्हता तो. बाबांना टोमणे मारता येत नाहीत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही गाल केवढे आत गेले होते त्यांचे.

आतल्या खोलीत मोबाइल वाजत होता. मी दुसरा पापड सुपात बुडवला, चांगला मऊ होऊ दिला आणि आधी त्यांना वाढला.